चूल नवी, निगा कुणाची?

'घरोघरी मातीच्या चुली' ही म्हण आपल्या तोंडी अजून आहे. मातीच्या चुली मात्र घरोघरी उरलेल्या नाहीत. तालुक्याच्या गावी गॅस येऊन बरीच वर्षे झाली. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि वाड्या-वस्त्यांवरही सिलिंडर पोचला. तरीही गॅस पुरवून वापरावा लागतोच. परसात आंघोळीचे पाणी तापवायचे आहे, पोळीभाजी केंद्राच्या दोनशे पोळ्या लाटायच्या आहेत, खानावळ चालवायची आहे, मग प्रत्येक वेळी सिलिंडर कुठून परवडणार? म्हणून दुसरी सोय शोधली जाते, आणि त्यात पेलेटच्या चुलीचे नाव ऐकू येते.

पेलेट म्हणजे काय, तर उसाची चिपाडे, शेंगांची टरफले, लाकडाचा भुसा असा कचरा दळून, यंत्रात दाबून केलेल्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या कांड्या. गुरांची गोळी पेंड आपण बघतो ना, अगदी तशाच दिसतात. लाकूडफाटा आणायची पायपीट नाही, फुंकणीने फुंकून डोळे लाल व्हायचे नाहीत आणि धूरही जवळजवळ नाही, असे या चुलीचे वर्णन केले जाते. ते खोटे नाही. पण अर्धे आहे. धूर नाही, कधीपर्यंत? चूल साफ आहे तोपर्यंत! उरलेले हे अर्धे सहसा कुणी सांगत नाही, म्हणून आज त्याविषयी लिहायचे आहे.

महाराष्ट्राला ही चूल तशी नवखी नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधनावर आधारलेली 'ऊर्जा' नावाची पेलेटची चूल २००६ च्या सुमारास आपल्याकडे आणि शेजारच्या राज्यांत विकायला आली. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या सख्यांसारख्या गावातल्या बायकांनीच ती दारोदार जाऊन समजावून सांगितली आणि विकली. सगळ्या मिळून चारेक लाख चुली खपल्या. पुढे पेलेटचा भाव चढत गेला, पुरवठा कमी झाला आणि घरगुती वापर मागे पडला. आता पेलेटच्या चुली जास्त करून खानावळी, भोजनालये अशा ठिकाणी दिसतात. तिथेही त्या पेटवणारी आणि पुसणारी बहुतेक वेळा बाईच असते.

आधी ही चूल चालते कशी ते समजून घेऊ. बाहेरून बघितली तर हा एक जाड डबा. तळाला जाळी, आतल्या बाजूला उष्णता धरून ठेवणारा विटेसारखा थर आणि खाली किंवा बाजूला छोटासा पंखा. पंख्याची हवा दोन वाटांनी आत जाते. थोडी हवा खालून जाळीतून येते. तिच्यामुळे पेलेट धुमसतात आणि त्यातून वायू सुटतो. उरलेली हवा वरच्या कडेला असलेल्या बारीक भोकांतून येते आणि तो वायू तिथे पेट घेतो. जो वायू साध्या चुलीत धूर होऊन आपल्या नाकातोंडात जातो, तोच इथे जळून भांडे तापवतो. खालची जाळी राखेने बुजली किंवा वरची भोके काजळीने भरली, की वायू न जळताच बाहेर पडतो आणि निर्धूर म्हणून आणलेली चूल धूर ओकू लागते. मग आपणच म्हणतो, 'ही चूल काही धड नाही, आपली जुनीच बरी होती!' दोष बहुतेक वेळा त्या बुजलेल्या भोकांचा असतो.

भोके बुजली आहेत हे ओळखायचे कसे? भांड्याचा बूड बघा. चूल नीट जळत असेल तर बुडाला काजळी फारशी धरत नाही. बूड रोज काळेकुट्ट होऊ लागले, ज्योत लांब, पिवळी आणि धुरकट दिसू लागली किंवा नेहमीच्या डाळीला जास्त वेळ लागू लागला, की चूल उघडून बघायची वेळ झाली असे समजा.

साफसफाईचा पहिला नियम म्हणजे थंड होऊ द्या. रात्रीची चूल सकाळी साफ करावी. वरून राख पांढरीफटक आणि निवलेली दिसते, पण तिच्या पोटात निखारा बारा बारा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ जिवंत राहतो. ही राख प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा पोत्यात भरू नका, लगेच उकिरड्यावर टाकू नका आणि कडब्याच्या गंजीजवळ तर चुकूनही नेऊ नका. पत्र्याचे घमेले किंवा जुना तेलाचा डबा घ्या, त्यावर पत्र्याचे झाकण ठेवा आणि घरापासून दूर, उघड्यावर एक दिवस राहू द्या. मग ती झाडांना घाला, भांड्यांना वापरा. चुलीत दुधाच्या पिशव्या किंवा प्लॅस्टिक जाळले असेल तर मात्र ती राख भांड्यांना लावायची नाही. खरे तर असे काही चुलीत घालायचेच नाही.

दुसरा नियम, पाणी घालायचे नाही. तापलेल्या चुलीवर पाणी मारले तर आतल्या थराला तडे जातात आणि उसळलेल्या वाफेने हात-तोंड भाजते. थंड चूलही धुवायची नसते. राखेचा चिखल होऊन तो भोकांत बसतो आणि पत्रा गंजतो. कोरडा ब्रश, सुके फडके आणि भोके मोकळी करायला छत्रीची जुनी काडी एवढी हत्यारे पुरतात. आधी वरची भोके, मग जाळी, शेवटी राख. हे काम अंगणात करा आणि नाकाला मास्क किंवा फडके बांधा; ही राख फार बारीक असते, छातीत जाते.

जाळीवर कधी कधी काचेसारखे कडक ढेकूळ सापडते. वीटभट्टीवर जास्त भाजलेल्या विटेचा खंगर होतो ना, तसाच हा प्रकार. काही पिकांच्या काडात, विशेषतः भाताच्या, वितळणारे क्षार आणि वाळूचा अंश जास्त असतो. पेलेटमध्ये माती मिसळली गेली असेल तरी असे होते. आठवड्यातून एकदा जाळी काढून हे खंगर चपट्या सळईने हलकेच उचकटून टाकावेत. रोजच खंगर निघत असतील तर चुलीला नावे ठेवू नका, पेलेटचा दुकानदार बदला.

पेलेटची पारख अवघड नाही. कांडी मोडली की 'कट्' असा आवाज यायला हवा. चुरडून भुगा झाला तर माल सर्दावलेला समजावा. पोते जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून जरा लांब आणि कोरड्या जागी ठेवावे. पावसाळ्यात तोंड घट्ट बांधावे. पोत्याच्या तळाशी उरलेला भुगा तसाच चुलीत ओतू नये, चाळणीने चाळून घ्यावा. भुग्यामुळे हवेची वाट अडते आणि पुन्हा धूर होतो. खानावळीसाठी जास्त पोती साठवणाऱ्यांनी त्या खोलीत हवा खेळती ठेवावी. बंद जागेतल्या मोठ्या साठ्यातूनही विषारी वायू सुटू शकतो.

पंख्याकडे आपले हमखास दुर्लक्ष होते. महिन्यातून एकदा वायर किंवा बॅटरी काढून पात्यांवरची धूळ आणि जाळी-जळमटे कोरड्या ब्रशने झाडावीत. ओले फडके लावू नये. स्वयंपाकाला बसण्याआधी बॅटरी भरलेली आहे ना, ते बघावे. पंखा मध्येच बंद पडला तर दारे-खिडक्या उघडून बाजूला व्हावे. पेटती चूल उचलून बाहेर पळू नये. धुमसणाऱ्या चुलीवर रॉकेल तर कधीच ओतू नये. त्याची वाफ होऊन एकदम भडका उडतो. पदर खोचलेला असावा, अंगावर नायलॉनची साडी नसावी आणि मुले चुलीपासून हातभर नव्हे, चांगली चार हात लांब असावीत. इतके करूनही भाजलेच, तर वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावे. हळद, तूप, टूथपेस्ट काही लावू नये. जखम मोठी असेल तर १०८ ला फोन करावा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पेलेटची ज्योत विझली की तळाशी लालबुंद निखारे उरतात. धूर नाही, वास नाही, म्हणून आपण निर्धास्त होतो. पण याच वेळी कार्बन मोनॉक्साइड हा वायू भरपूर सुटत असतो. तो दिसत नाही, त्याला वास नसतो. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते आणि झोपेत असलेल्या माणसाला तर जागही येत नाही. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला शेक देताना वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या घट्ट लावून खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात. यात माया आहे, पण जिवाला धोकाही आहे. शेक द्यायचाच तर तेवढ्यापुरता, दार उघडे ठेवून द्यावा आणि शेगडी लगेच बाहेर न्यावी. थंडीच्या रात्री ऊब यावी म्हणून विझत आलेली चूल झोपायच्या खोलीत आणून ठेवणेही तितकेच घातक. अमेरिकेत, युरोपात पेलेटच्या शेगडीने खोल्या गरम करतात, पण तिचा धूर धुराड्यातून घराबाहेर सोडलेला असतो. ते धुराडे दरवर्षी साफ करून घ्या आणि या वायूची सूचना देणारे यंत्र घरात लावा, असे तिथे बजावून सांगतात. तिकडे गेलेल्या आपल्या लेकी-सुनांनीही हे लक्षात ठेवावे. आपल्याकडे धुराडे नाही आणि यंत्रही नाही. म्हणून उघडी खिडकी हेच आपले यंत्र.

इतके वाचून एखादी म्हणेल, 'ताई, म्हणजे आणखी एक काम आमच्याच गळ्यात!' तिचा राग रास्त आहे. चुलीच्या धुराचा हिशेब साधा नाही. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसे गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. धुराशी सर्वांत जास्त वेळ बसतात बायका आणि त्यांच्या कडेवरची मुले. म्हणून चूल सुधारायचे प्रयत्न झाले, ते चांगलेच झाले. १९८३ च्या सुमारास केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००२ साली तो थांबेपर्यंत देशभरात सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या गेल्या. त्यातल्या कितीतरी काही काळातच पडून राहिल्या. धुराडी चोंदली, चुलींना तडे गेले आणि दुरुस्त करायला कुणी फिरकले नाही. चूल बसवली त्या दिवशी काम संपले असे धरले गेले. बाईच्या दृष्टीने काम तर त्या दिवशी सुरू होते!

हीच चूक पुन्हा व्हायला नको. कुठलीही संस्था, कंपनी किंवा ग्रामपंचायत चुली वाटत असेल, तर वाटपाच्या समारंभाला टाळ्या वाजवण्याआधी आपण चार प्रश्न विचारूया. जाळी आणि पंखा सुटा मिळेल का, आणि कुठे? साफसफाईची माहिती मराठीत, चित्रांसह देणार का? सहा महिन्यांनी बघायला कोण येणार? आणि पेलेट गावात वर्षभर, परवडेल अशा भावात मिळणार का? उत्तरे मिळाली नाहीत तर हार-तुरे राहू द्यावेत. बचत गटातल्या एकीला दुरुस्तीचे शिक्षण दिले, तर गावाची सोय होईल आणि तिच्या हातात चार पैसेही येतील.

घरातही हिशेब मांडायला हवा. चुलीवरचे पाणी सगळेच अंगावर घेतात, भाकरी सगळेच खातात, मग राखेचे घमेले उचलायला एकटी आईच का? मोटारसायकलचे ऑइल बदलायची तारीख घरातल्या पुरुषांना तोंडपाठ असते, त्यांना चुलीचा पंखा झाडणे जड जाऊ नये. जाळी काढणे, खंगर फोडणे, बॅटरी बघणे ही कामे दहावीतल्या मुलालाही जमतात, आणि मुलीइतकीच त्यालाही शिकवावीत.

आपल्या आज्या-पणज्या रोज चूल सारवायच्या आणि श्रावणातल्या शीतला सप्तमीला तिला चक्क सुट्टी द्यायच्या. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचे खायचे आणि चुलीची पूजा करायची. श्रद्धा ज्याची त्याची. पण वर्षातून एक दिवस चूल पूर्ण थंड ठेवून तिच्याकडे नीट बघायचे, यात शहाणपण आहे. त्या दिवशी चूल पूर्ण उघडावी, तडे बघावेत, पत्रा गंजलाय का ते तपासावे, सैल वायर बदलून घ्यावी. कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहितो तिथेच 'चुलीची जाळी' असा आठवड्याचा एक वार लिहून टाका, आणि त्याच्यापुढे घरातल्या एकेकाचे नाव. पहिल्या आठवड्यात आपले नाव लिहू नका म्हणजे झाले!