कर्णफूल आणि शिवराई

पुण्याच्या थंडीची तक्रार या सदरात आम्ही सहसा करीत नाही. परंतु जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेसहाला खडकवासल्याच्या शिवारात उभे होतो, तेव्हा आमचे दात वाजत होते हे कबूल केले पाहिजे. धरणाच्या पाण्यावरून वारा येत होता, पायाखाली दवाने भिजलेले हरभऱ्याचे रान होते, आणि आमच्या भाच्याच्या हातात मेटल डिटेक्टर होता. रेल्वे स्टेशनच्या दारात चौकट असते ना, ज्यातून गेले की पी-पी वाजते, त्याच जातीचे हे यंत्र. फक्त काठीच्या टोकाला ताटलीएवढे वेटोळे बसवलेले आणि कानाला हेडफोन.

गेलो होतो ते हौसेखातर नव्हे. आमच्या शेजारच्या मावशी हिवाळ्यात भाजी विकतात. आठवड्यातून तीन दिवस पहाटे खडकवासल्याला जाऊन एका शेतकऱ्याच्या रानातली हरभऱ्याची भाजी खुडायची आणि दहापर्यंत बाजारात बसायचे, हा त्यांचा क्रम. गुरुवारी थंडी फार म्हणून कानावरून स्कार्फ घट्ट आवळलेला होता. ऊन चढल्यावर तो सोडला. घरी येऊन पाहतात तो डाव्या कानातले कर्णफूल नाही. भिशीच्या पैशांतून केलेली ती जोडी. मुलीच्या नर्सिंगच्या फीचा दुसरा हप्ता याच महिन्यात होता आणि त्यासाठी ती मोडायची असे ठरले होते. एकटे फूल मोडून अर्धीच फी निघते. मावशी रडल्या नाहीत. "रान काय कुठं पळून जातंय? हुडकू," एवढेच म्हणाल्या.

भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने हे यंत्र कोणाकडून तरी वापरलेले विकत घेतले होते, आणि इतके दिवस ते माळ्यावर पडून होते.

यंत्राची करामत साधी आहे. काठीच्या टोकाच्या तारेच्या वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी वीज खेळते. तिच्यामुळे खाली जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्याच्या टप्प्यात धातू आला की त्या धातूतही विजेचे छोटे भोवरे उठतात, त्यांचे स्वतःचे क्षेत्र तयार होते, आणि ते परत येऊन यंत्राला जाणवते. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला असेच यंत्र लावले होते. गोळी सापडली नाही. रुग्णाच्या खाली लोखंडी स्प्रिंगांची गादी होती, तिने यंत्राला चकवले असे सांगतात. गारफील्ड त्याच वर्षी सप्टेंबरात वारले.

आमची गादी म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ! या दगडात लोहयुक्त खनिज भरपूर असते. त्यामुळे पहिली दहा मिनिटे यंत्र प्रत्येक ढेकळापाशी कुरकुरत होते. मोकळ्या जागी वेटोळे खाली-वर करून जमिनीचा आवाज आधी दाबून घ्यावा लागतो. ते झाल्यावर ते शांत झाले. थंडीत बॅटरीही लवकर मान टाकते. जादा सेल भाच्याने स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवले होते. आम्हाला मात्र हातातली अंगठी, किल्ल्या आणि मोबाईल बांधावर ठेवून यायला लावले.

सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट मावशींनी केली. उजव्या कानातले फूल त्यांनी काढून दिले. भाच्याने ते कागदावर ठेवून जमिनीवर मांडले आणि त्यावरून यंत्र फिरवले. आवाज इतका बारीक की आम्हाला आधी ऐकूच आला नाही. दोन ग्रॅमचे सोने ते, त्यातून पोकळ. चार बोटे मातीत गेले असते तर यंत्राला त्याचा पत्ताही लागला नसता. पण कान तयार झाला. कोणाची अशी वस्तू हरवली तर जोडीतली दुसरी जपून न्यावी.

मग सुतळी ताणून पट्टे पाडले. एक पट्टा, वेटोळे जमिनीला समांतर, संथ, आधीच्या फेरीवर थोडे चढवून. हरभऱ्याच्या पानांवर हिवाळ्यात आंब असते हे शेतीशी संबंध असलेल्यांना सांगायला नको. रात्री पिकावर फडके पसरून ती गोळा करतात आणि पोटदुखीवर देतात. दवात मिसळलेली ती आंब आमच्या भेगाळलेल्या बोटांना अशी झोंबली की मावशी रोज हे कसे करतात, हा प्रश्न आम्हाला पहिल्यांदाच पडला.

दीड तासात काय सापडले? बाटल्यांची बुचे, गुटख्याच्या पुड्यांचा चकचकीत कागद, खिळे, बैलाच्या पायाची अर्धी नाल, एक चार आण्याचे नाणे. ३० जून २०११ नंतर चार आणे चलनातून गेले, तेव्हा त्याची किंमत शून्य. शेजारच्या रानातून एकजण येऊन हळूच विचारून गेले, "गुप्तधन दावतंय का हो हे?" त्यांना सांगितले की हे यंत्र बाटलीचे बूच आणि मोहोर यांत फारसा भेद करीत नाही. ते हसले, पण हा प्रश्न हसण्यावारी न्यावा असा नाही. गुप्तधनाच्या नादी लागून आपल्या राज्यात माणसांचे बळी दिले गेले आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, धन किंवा पाण्याचा शोध घेण्याच्या नावाखाली केलेले अघोरी प्रकार गुन्हा म्हणून मुद्दाम घातले आहेत, ते उगीच नव्हे.

आठच्या सुमारास हेडफोनमध्ये भरदार, स्वच्छ आवाज आला. खुरप्याने माती काढली तर हिरवट पडलेली तांब्याची चकती. थुंकी लावून पुसू लागलो तसा भाचा ओरडला, "मामा, घासू नका!" एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. शिवराई! शिवाजी महाराजांच्या काळात सुरू झालेले हे तांब्याचे नाणे पुढे पेशवाईतही पाडले जात होते. म्हणजे हा तुकडा नेमका कोणत्या काळचा, हे आम्ही सांगू शकत नव्हतो. पण अंगावर काटा आला तो थंडीचा खास नव्हता.

शेतमालक आबा चहा घेऊन आले. भाचा म्हणाला, "आबा, तुमच्या रानात शिवकाळात वस्ती असणार!" आबांनी मान हलवली. "हे रान माझं कुठाय? ते तर एकसष्टला गेलं."

१२ जुलै १९६१ ची ती सकाळ. आंबी नदीवरचे पानशेतचे अर्धवट बांधलेले मातीचे धरण फुटले. जवानांनी रात्रभर वाळूची पोती टाकली होती, तरी ते टिकले नाही. ते पाणी खडकवासल्याच्या तलावात उतरले आणि १८७९ च्या सुमारास पुरा झालेला इथला दगडी बांधही त्याच दिवशी फुटला. खाली पुण्यात नदीकाठच्या पेठांचे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. आबा तेव्हा आठ-दहा वर्षांचे होते. नदीच्या बाजूचे त्यांचे रान मुरमापर्यंत धुऊन निघाले. "आई चिखलात हातानं चाचपत हिंडायची. तांब्या सापडला, हंडा नाही." पुढे उन्हाळ्यात तलाव आटला की त्याच्या पोटातला गाळ आणून टाकत टाकत हे रान पुन्हा उभे केले. म्हणजे ही माती तलावाची. शिवराई तिच्याबरोबर गाडीतून आली असणार. ती मूळची कोणत्या वाटेवर, कोणाच्या कनवटीतून पडली, हे आता कोणीच सांगू शकत नाही.

भाच्याचे तोंड उतरले. आम्हाला मात्र सोपारा आठवले. १८८२ च्या एप्रिलात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उघडला. आत दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती बुद्धांच्या लहान ब्राँझच्या आठ मूर्ती. करंडकात चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांचे एकात एक बसवलेले करंडक, सोन्याची फुले, भिक्षापात्राचे मानले गेलेले मातीचे तुकडे. आणि सोबत यज्ञ सातकर्णीचे एक चांदीचे नाणे. त्या एका नाण्याने सातवाहन काळाशी गाठ घालून दिली. मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातल्या ठरतात. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी स्तूप पुन्हा उघडला असला पाहिजे. कोणती वस्तू कुठे होती, कशात होती हे पंडितांनी टिपून ठेवले म्हणून हा तर्क करता येतो. ते नाणे कोणी आधीच खणून बाजारात विकले असते, तर तेही आमच्या शिवराईसारखेच मुके झाले असते. भाजे, बेडसे, कार्ले, शेलारवाडी या लेण्यांना रविवारी सहकुटुंब जाणारे आमचे पुष्कळ वाचक आहेत. त्या पायथ्याशी कोणी असले यंत्र फिरवताना दिसला, तर गप्प बसू नये. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवान्यावाचून खणणे केंद्राच्या १९५८ च्या आणि राज्याच्या १९६० च्या कायद्याने बंद आहे.

आणि आबांच्या खाजगी रानात? तिथे १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावे लागते. दडवली तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. धनी कोणी निघाला नाही आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे आणि एक जमीनमालकाचा. दहा रुपयांचा आकडा त्या काळचा, पण शिवराई आजही त्यात बसते. शिवाय शंभर वर्षांवरचे नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू होते आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. इंग्लंडात पीक निघाल्यावर भर थंडीत शेकडो माणसे मोकळ्या शेतांतून ही यंत्रे घेऊन हिंडतात. तिथेही शेतकऱ्याची परवानगी आणि मौल्यवान वस्तूची खबर देणे सुटत नाही. स्टॅफर्डशायरमध्ये २००९ साली एका शेतात सापडलेल्या सोन्याची किंमत ३२ लाख ८५ हजार पौंड ठरली आणि ती शोधणारा व शेतकरी यांच्यात वाटली गेली. आबांना हा आकडा सांगितला. ते म्हणाले, "मग चहाचे पैसे घेतो."

नाणे काड्यापेटीत ठेवले. भाच्याने चिठ्ठीवर तारीख, गट नंबर, किती खोल, आणि 'माती तलावातील गाळाची' असे लिहिले. कलेक्टरला द्यायचा अर्ज त्याने तिथेच बांधावर बसून लिहायला घेतला.

कर्णफुलाचे राहिलेच. नऊ वाजून गेले होते, ऊन अंगावर आले होते, आणि मावशींनी सवयीने डोक्याचा स्कार्फ सोडला. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. "मावशी, गुरुवारी स्कार्फ कुठं सोडला होता?" त्यांनी बोट दाखवले, रानात नव्हे, तर पलीकडच्या बांधावरच्या बाभळीखाली. दोन तास आम्ही भलत्याच ठिकाणी बोटे झोंबवून घेत होतो. हे पहिल्यांदा विचारायला हवे होते. बाभळीखाली तिसऱ्या फेरीला तो बारीक आवाज आला. पायाने दाबले जाऊन फूल बोटभर मातीत गेले होते. फिरकी मिळाली नाही.

मावशींनी दोन्ही फुले रुमालाच्या गाठीत बांधली, गाठ कमरेला खोचली आणि भाजी खुडायला बसल्या. साडेदहाच्या बसला अजून अवकाश होता.

मंगळवारी आम्ही त्यांच्याबरोबर सोनाराकडे गेलो. त्याने डावे फूल भिंगाखाली धरले. पाकळ्यांच्या खाचेत काळी माती अडकली होती. ती त्याने ब्रशने झाडली, आणि मग फूल काट्यावर ठेवले.