पत्त्याची पत: सामायिक की स्वतंत्र?

१/५ नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२६ पासून टपाल तिकिटे छापली जातात. तिकीट म्हणजे पत्राचा खर्च प्रेषकाने आधीच चुकता केल्याची खूण. ईमेलला अशी खूण नाही. साऱ्या घोळाचे मूळ तेथेच.

२/५ ३ मे १९७८ रोजी गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना संगणकांची जाहिरात एकगठ्ठा धाडली. अनाहूत ईमेलचा इतिहास तेथून मोजतात.

३/५ १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांची काळी यादी आली. उपद्रवी आयपी पत्त्यांवरून येणारे टपाल दारातच नाकारणे शक्य झाले. पत्ता हीच पत ठरली.

४/५ सामायिक पत्त्यावर शेजाऱ्याच्या उपद्रवाने निरपराधाचेही पत्र अडते. स्वतंत्र पत्त्याला मात्र पूर्वपुण्याई नसते. ती आठवडोनआठवडे थोडे थोडे टपाल धाडून कमवावी लागते आणि सातत्याने राखावी लागते.

५/५ म्हणून, महिन्याला काहीशे वाचकांना वार्तापत्र धाडणाऱ्या इतिहासमंडळाने स्वतंत्र पत्त्याचा मोह टाळावा. उपद्रवी ग्राहकांना बाहेर काढणारी चोख सेवा निवडावी. स्वतंत्र पत्ता शोभतो तो रोज हजारोंनी पत्रे धाडणाऱ्यांना. पत्ता कोणताही असो, वाचकाची संमती आधी घ्यावी. थर्क यांनी नेमकी तीच घेतली नव्हती.