चालायला जागा पेठेतच आहे

‘रोज चालत जा’ हा सल्ला आम्ही डॉक्टर मंडळी सर्रास देतो. त्याला औषधाची चिठ्ठी लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. पण चालायचे कुठे, हे सहसा कोणी सांगत नाही. त्यामुळे आपल्या गावात एक गंमत पाहायला मिळते. नालेगावात किंवा माळीवाड्यात राहणारे गृहस्थ सकाळी स्कूटर काढतात, सावेडीकडच्या एखाद्या मैदानावर जातात, तेथे चार फेऱ्या मारतात आणि पुन्हा स्कूटरवर बसून घरी येतात. ज्यांना गाडी चालवता येत नाही किंवा आता झेपत नाही, ते घरातच बसून राहतात. त्यांत गृहिणी आणि सत्तरी ओलांडलेली मंडळी जास्त. म्हणजे चालण्याची खरी गरज ज्यांना आहे, तेच नेमके चालत नाहीत.

वास्तविक आपले जुने शहर पायी चालणाऱ्यांसाठीच वसलेले आहे. १४९० साली अहमद निजामशहाने सीना नदीच्या काठी हे नगर वसवले, तेव्हा मोटार नव्हती. २०२४ साली नाव अहिल्यानगर झाले, तरी गल्ल्यांची रुंदी जुनीच राहिली. नावेही जुनीच. दाळमंडई, आडतेबाजार, तेलीखुंट, सराफ बाजार, कापड बाजार अशी ओळीने घेतली की जुन्या धंद्यांची यादीच तयार होते. बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला गाडीत घालून चांदबिबीच्या महालावर नेतो, पण ही पेठ मात्र दाखवत नाही.

वाटाड्या शोधण्याचीही गरज नाही. माळीवाड्याच्या विशाल गणपतीपासून निघावे. पुढचा रस्ता प्रत्येक नगरकराला पाठ आहे, कारण विसर्जनाची मिरवणूक त्याच पेठेतून जाते. रामचंद्र खुंट, दाळमंडई, तेलीखुंट, कापड बाजार, नवी पेठ, चितळे रोड आणि शेवटी दिल्ली गेट. मिरवणुकीला जेथे रात्र होते, तेथे आपल्याला रमतगमत पाऊण तास पुरतो. वाटेत देवळे आहेत, टेकायला ओटे आहेत, ओळखीची माणसे भेटतात. एकट्या राहणाऱ्या वृद्धाला हे ‘काय, बरंय ना?’ विचारणारे दुकानदार रक्तदाबाच्या गोळीइतकेच उपयोगी असतात, असे मला वाटते.

मात्र दुकानांच्या पाट्या वाचत, भाव विचारत रेंगाळणे हा व्यायाम नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला निदान १५० मिनिटांचा मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत. तेव्हा एका चौकापासून दुसऱ्यापर्यंत झपझप चालावे आणि मग हवे ते पाहत थांबावे. एका दमात सगळे जमत नसेल, तर दोन्ही वेळच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चाललात तरी जेवणानंतर वाढणारी साखर त्याने आटोक्यात राहते. दहा हजार पावलांचा हट्ट धरू नये. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे यंत्र विकताना पुढे आला, कोणत्या औषधशाळेतून आलेला नाही.

आता देवळांविषयी. येथे मी जरा स्पष्ट बोलणार आहे. मधुमेह बरीच वर्षे असला की अनेकांच्या तळपायाची संवेदना कमी होते. खडा टोचला, फरशीने चटका दिला, तरी कळत नाही. एप्रिल-मे महिन्यात दुपारी तापलेल्या फरसबंदीवरून अनवाणी प्रदक्षिणा घातली की संध्याकाळी तळव्याला फोड येतो. दुखत नाही, म्हणून घरच्यांना सांगितले जात नाही. आठ दिवसांनी वास येतो आणि मग बोट कापण्यापर्यंत गोष्ट जाते. हे टाळणे अगदी सोपे आहे. दर्शन सकाळी लवकर घ्यावे. चप्पल शेवटच्या पायरीशी काढावी, चौकात नव्हे. पायांत पांढरे सुती मोजे असावेत, म्हणजे जखम झालीच तर रक्ताचा डाग लगेच दिसतो. मात्र गुळगुळीत फरशीवर मोज्याने पाय घसरतो, तेव्हा भिंतीचा किंवा सोबत्याचा आधार घ्यावा. घरी आल्यावर तळवे आरशात पाहावेत. मोजे घालून दर्शन घेतल्याने देव रागावत नाही. रागावतात ते शेजारचे लोक, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष करता येते.

संकष्टीला उपाशीपोटी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन गणपतीला चालत जाणाऱ्यांनाही सांगणे आहे. वाटेत घाम फुटून हातपाय थरथरू लागले, तर ती भक्तीची तंद्री नसते, रक्तातली साखर उतरलेली असते. खिशात चार चमचे साखरेची पुडी ठेवा आणि अशा वेळी उपास मोडा. उपासाच्या दिवशी औषध किती घ्यायचे, हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारा. चालताना छातीवर दाब आला, किंवा पोटरीत गोळा येऊन थांबल्यावर लगेच बरे वाटू लागले, तर ‘वयोमानाने होते’ म्हणून सोडून देऊ नका, तपासून घ्या.

एवढे सांगूनही कापड बाजारात वृद्धाने चालायचे कसे, हा प्रश्न उरतोच. फुटपाथ असलाच तर त्यावर माल, माल नसेल तेथे मोटारसायकल. वाट काढताना गाडीचा धक्का लागून म्हातारे माणूस पडले आणि खुब्याचे हाड मोडले, तर पुष्कळदा ते पूर्वीसारखे चालत नाही. म्हणून महापालिकेला आणि व्यापारी बांधवांना सुचवावेसे वाटते की, दुकाने उघडण्यापूर्वी, सकाळी सहा ते नऊ, तेलीखुंट ते नवी पेठ हा पट्टा वाहनांना बंद ठेवावा. त्या वेळी धंद्याचे नुकसान नाही. मंदिरांच्या विश्वस्तांनी प्रदक्षिणेच्या वाटेवर तागाची पट्टी अंथरावी आणि दाराशी दोन खुर्च्या ठेवाव्यात. खर्च म्हणाल तर एका मोठ्या हारापेक्षा फार नाही.

दिल्ली गेटला पोहोचल्यावर पायांत ताकद शिल्लक असेल, तर बागरोजापर्यंत जावे. शहर वसवणाऱ्याची काळ्या दगडांतली कबर तेथे सीनेजवळ आहे. सकाळी तेथे शांतता असते. नदीकडे पाहून मात्र मन प्रसन्न होईल, असे मी सांगणार नाही. सांडपाण्याने तिचे काय केले, ते नाकालाच कळते. परतताना रिक्षा केलीत तरी माझी हरकत नाही.