सही करण्याआधी

परवा भिशीला गेले, तर चहाच्या आधी एक कागदच पुढे आला. वर 'निवेदन' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं आणि खाली तेवीस बायकांच्या सह्या. चोविसावी जागा माझ्यासाठी मोकळी.

गोष्ट अशी, की आमच्या गावात एक तरुण सर्जन गेली दोन-तीन वर्षं गुडघ्याची एक नवीन शस्त्रक्रिया करतात. गुडघा बदलायचा नाही, दोन बारीक छिद्रं पाडायची आणि तिसऱ्या दिवशी घरी. शेजारच्या काकूंनी ती करून घेतली आणि ज्या काकू देवळाच्या पायऱ्या बसत बसत चढायच्या, त्या आता तरातरा चढतात. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पण गावातल्या दोन ज्येष्ठ डॉक्टरांनी तक्रार केली, की या पद्धतीला शास्त्रीय आधार नाही. चौकशी लागणार असं कळलं आणि बायका पेटूनच उठल्या.

"अगं, तू समाजकार्य करणारी, तुझी सही तर पहिली हवी," काकू म्हणाल्या. "आम्ही बऱ्या झालो, याहून मोठा पुरावा कुठला?"

मी म्हटलं, "काकू, कागद आज घरी नेते. उद्या सांगते."

त्यांना ते आवडलं नाही. खरं सांगायचं, तर मलाही माझं नवल वाटलं. कारण माझ्या सासूबाईंचा नंबर त्याच डॉक्टरांकडे पुढच्या महिन्यात लागलेला आहे.

मैत्रिणींनो, माझा हात अडला त्याचं कारण माझी आत्या. 1991 साली तिला स्तनाचा कॅन्सर झाला, तेव्हा मी शाळेत होते. पूर्ण स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. हात कायमचा सुजला. लग्नकार्याला जाताना ती ब्लाउजमध्ये रुमालाची घडी ठेवायची, ते मी पाहिलेलं आहे. दुसरा काही मार्ग असू शकतो हे तिला कोणी सांगितलं नाही आणि विचारायचं असतं हे आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं. कदाचित तिच्या बाबतीत तेच योग्य असेल. पण ती गेल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले आणि त्यातून मला दोन हकिगती सापडल्या.

पहिली अमेरिकेतली. तिथे विल्यम हॉलस्टेड नावाच्या मोठ्या सर्जननी 1890च्या दशकात स्तनाच्या कॅन्सरसाठी एक शस्त्रक्रिया रूढ केली. पूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळं एकदम काढायचं. कॅन्सर एका जागेवरून हळूहळू बाहेर पसरतो, म्हणून जितकं जास्त काढाल तितकं बरं, असा हिशेब. पाऊणशे वर्षं तिथे हाच रिवाज होता. बाईला तपासणीसाठी भूल द्यायची, गाठ कॅन्सरची निघाली की त्याच भुलीत स्तन काढून टाकायचा. आपला स्तन राहिला की गेला, हे तिला जाग आल्यावर कळायचं!

क्लीव्हलँडचे जॉर्ज क्राइल हे सर्जन 1950च्या दशकापासून म्हणू लागले, की एवढं कापायची गरज नाही. निवडक बायकांची ते फक्त गाठ आणि तिच्या आसपासचा भाग काढायचे. व्यवसायबंधू त्यांच्यावर तुटून पडले. तुम्ही बायकांचे जीव धोक्यात घालताय, असा आरोप झाला. त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या त्या रुग्ण बायका. बॅबेट रॉसमंड या न्यूयॉर्कच्या लेखिकेने पूर्ण स्तन काढायला नकार दिला आणि क्राइल यांच्याकडून फक्त गाठ काढून घेतली. मग 1972 साली टोपणनावाने, बायकांच्या एका मोठ्या मासिकात तिने तो अनुभव लिहिला. निवड करण्याचा हक्क माझा आहे, असं तिचं म्हणणं. पुढे 1974 मध्ये रोझ कुशनर या पत्रकार बाईला गाठ लागली. आधी फक्त तपासणी करा, पुढचं मी शुद्धीवर असताना ठरवीन, एवढंच ती मागत होती, तर एकामागून एक सर्जन नाही म्हणत गेले. तिने आपली शोधयात्रा पुस्तकात मांडली. 1979 साली अमेरिकन सरकारी आरोग्य संस्थेने या विषयावर तज्ज्ञांची जी समिती बसवली, तिच्यात ती स्वतः बसली होती. ती जुनी मोठी शस्त्रक्रिया आता सरसकट करू नये, असं त्या समितीने सांगितलं.

वाचताना अंगावर काटा आला. म्हटलं, बघा, बायका बरोबर होत्या आणि मोठमोठे डॉक्टर चुकले!

पण गोष्ट इथे संपत नाही. बायकांनी पाठिंबा दिला म्हणून क्राइल बरोबर ठरले नाहीत. पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर या सर्जननी 1976 साली एक मोठी चाचणी सुरू केली. गाठ लहान असलेल्या बायकांचे तीन गट करायचे: पूर्ण स्तन काढलेल्या, फक्त गाठ काढलेल्या आणि गाठ काढून वर किरणोपचार, म्हणजे आपण 'शेक' म्हणतो तो दिलेल्या. कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार. फिशर यांनाही सहकाऱ्यांचा विरोध झालाच. विचार करा, आपला स्तन राहणार की जाणार हे चिठ्ठीवर सोडायला त्या बायका कशा तयार झाल्या असतील! तरी झाल्या. 1985 साली 1843 बायकांचा पहिला निकाल आला आणि 2002 साली वीस वर्षांचा. तिन्ही गटांत जगण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. क्राइल यांचं मूळ म्हणणं खरं निघालं.

पण आणखी एक गोष्ट बाहेर आली. नुसती गाठ काढलेल्यांपैकी शंभरात 39 जणींना वीस वर्षांत त्याच स्तनात पुन्हा कॅन्सर झाला. शेक घेतलेल्यांत तो आकडा 14 होता. म्हणजे गाठ काढून भागत नाही, मागून शेक हवा. हे मोजल्याशिवाय कोणाला कळलं असतं? बरी झालेली बाई फक्त स्वतःचं सांगू शकते. शंभरातल्या बाकीच्या नव्याण्णव जणींचं तिला काय ठाऊक?

दुसरी हकिगत इटलीची. फेरारा शहरातले रक्तवाहिन्यांचे सर्जन पाओलो झांबोनी. मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा मज्जासंस्थेचा आजार आहे. हातपाय हळूहळू निकामी होत जातात आणि पूर्ण बरा करणारा उपाय नाही. झांबोनींच्या पत्नीलाच तो झालेला. मानेतल्या शिरा अरुंद झाल्यामुळे हा आजार होतो, त्या फुग्याने रुंद केल्या की आराम पडतो, असं त्यांनी 2009 साली मांडलं. मेंदूविकाराचे डॉक्टर म्हणाले, पुरावा कुठे आहे? रुग्णांनी मात्र त्यांना डोक्यावर घेतलं. कॅनडात तर रुग्णांनी मोर्चे काढले. आमच्याकडे वेळ नाही आणि तुम्ही पुरावे काय मागताय, असं ते म्हणत. त्यांचं तरी काय चुकलं? देशात उपचार मिळेना म्हणून पदरचे पैसे घालून माणसं पोलंडला, कोस्टारिकाला, अगदी आपल्या भारतातही आली. कोस्टारिकाला गेलेल्या एका कॅनेडियन माणसाचा 2010 साली गुंतागुंतीने मृत्यू झाला.

शेवटी चाचण्या झाल्या. काहींच्या शिरा खरोखर रुंद केल्या, काहींवर फक्त तसा देखावा केला, आणि कोणावर काय झालं ते रुग्णाला सांगितलं नाही. 2017 साली कॅनडाचा आणि इटलीचा निकाल आला. दोन्हीकडे फरक शून्य. इटलीतली चाचणी स्वतः झांबोनींच्याच पुढाकाराने झाली होती आणि हा उपचार करू नये, असं त्यांच्याच निबंधात छापून आलं. मला त्या माणसाबद्दल आदर वाटला.

आता सांगा, या दोन हकिगतींत सुरुवातीला काय फरक होता? दोन्हीकडे डॉक्टर तळमळीचे, दोन्हीकडे बाकीचे डॉक्टर विरोधात, दोन्हीकडे रुग्ण मनापासून बोलणारे. बाहेरून बघणाऱ्याला सगळं सारखंच दिसलं असतं. फरक कळला तो मोजल्यावर.

म्हणून मी काकूंकडे गेले आणि विचारलं, "ऑपरेशन झालेल्या आणखी कोण कोण?" त्यांनी सात नावं घेतली, सातही खूश. मग बचत गटातल्या एकीने हळूच सांगितलं, की तिच्या मावससासूला काहीच गुण आला नाही. पुन्हा दाखवायला गेल्या का? नाही. डॉक्टर चांगले आहेत, माझंच नशीब, असं म्हणून घरी बसल्या. त्यांची सही या कागदावर कशी येणार? जी बरी होते ती बोलते, जी होत नाही ती गप्प बसते. निवेदनात अर्धंच गाव बोलतं.

याचा अर्थ ज्येष्ठ डॉक्टर म्हणतील ते खरं, असाही नाही. "आम्ही कधी असं केलं नाही" हे काही उत्तर नव्हे. हॉलस्टेडच्या शिष्यांचं तेच म्हणणं होतं. त्यात धंद्याची असूयाही असू शकते. आणि काकूंच्या गुडघ्याला "मनाचे खेळ" म्हणून हसणं तर अजिबात बरोबर नाही. रुग्णाचा अनुभव ही साक्ष आहे. ती ऐकलीच पाहिजे. फक्त एका साक्षीवर निकाल देता येत नाही, एवढंच.

शेवटी मी तो कागद फाडला नाही, नव्याने लिहिला. त्यात चार गोष्टी मागितल्या. चौकशी निःपक्षपाती तज्ज्ञांकडून व्हावी, गावातल्या प्रतिस्पर्ध्यांकडून नको. आजवर ऑपरेशन झालेल्या प्रत्येक बाईची विचारपूस व्हावी, गुण न आलेल्यांचीही. पद्धत नवीन आहे आणि तिचे धोके काय, हे ऑपरेशनआधी मराठीत लिहून मिळावं. आणि ही चाचणी असेल, तर ती रीतसर नोंदवावी. आपल्या देशात 2007 पासून अशा चाचण्यांची सरकारी नोंदवही आहे, ती कोणालाही इंटरनेटवर बघता येते. घरातल्या कॉलेजच्या मुलीला सांगा, पाच मिनिटांत शोधून देईल.

काकूंनी वाचलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्यावर तुझा विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे, काकू. पण माझ्या सासूबाई तुम्ही नाहीत ना!"

त्या हसल्या आणि त्यांनीच पहिली सही केली. दुसरी मी. त्या मावससासूबाईंकडे मंगळवारी जाणार आहोत, सहीसाठी नाही, त्यांचं ऐकायला. जुन्या तेवीसपैकी चौदा जणींनी अजून सही केलेली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. त्यांचा राग मला समजतो.

सासूबाईंना रात्री सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "नंबर रद्द नको करूस. आधी डॉक्टरांना हे चार प्रश्न विचारून ये. नीट उत्तरं दिली तर मी जाईन, चिडले तर नाही जाणार."

बीए झालेल्या सुनेला जे दोन दिवस लागले, ते चौथी शिकलेल्या सासूबाईंनी एका वाक्यात सांगितलं. येत्या गुरुवारी मी डॉक्टरांकडे जाणार आहे.