सांडपाण्याचं विरजण

मैत्रिणींनो, माझं माहेर लातूरचं, सासर नांदेडचं. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि १२ एप्रिलला मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतर कापून पाण्याची रेल्वे लातूरला आली. १० डब्यांत मिळून ५ लाख लिटर पाणी! त्या दिवसांत आई भांडी विसळलेलं पाणी बादलीत धरायची आणि तेच संडासात ओतायची. आम्ही हसायचो. आज वाटतं, खरी शहाणी तीच.

घरात १०० लिटर पाणी आलं तर ८० लिटर सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असा अभियंत्यांचा हिशेब असतो. गोदाकाठी सफाईला गेलो की नाल्याचं काळं पाणी नदीत मिसळताना दिसायचं. जीव तुटायचा.

हे पाणी साफ करायची एक पद्धत आहे, मेंब्रेन बायोरिॲक्टर. नाव अवघड, पण काम आपल्या श्रीखंडासारखं. आधी विरजण, मग फडकं. टाकीत हवा सोडून जिवाणू वाढवतात, ते पाण्यातली घाण खातात. मग ते पाणी पडद्यातून ओढून घेतात. पडद्याची छिद्रं साधारण ०.१ मायक्रॉन किंवा त्याहूनही बारीक आणि जिवाणू साधारण १ मायक्रॉनचा, म्हणून चक्क्यासारखा तो अलीकडेच राहतो. गाळ बसवायची वेगळी टाकी लागत नाही, जागाही कमी पुरते.

"शी! गटाराचं पाणी परत वापरायचं?" असं भिशीत एकजण म्हणालीच. अहो, प्यायला कोण सांगतंय? बागा, बांधकामं, कारखाने, संडास यांना ते चालतं. तेवढं धरणातलं पाणी पिण्यासाठी वाचतं. नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला देतात. तिथली पद्धत वेगळी, पण विचार हाच.

अर्थात, हे स्वस्त नाही. वीज खूप लागते, पडदे तुंबतात, ते सारखे धुवावे लागतात. म्हणून नुसता नारळ फोडून भागणार नाही, रोजच्या देखभालीची तरतूद आधी हवी. आणि तेल, केस, चिंध्या मोरीत जाऊ न देणं हे आपलं काम.

मतं मागायला येणाऱ्यांना आपण विचारतो, "पाणी कधी येणार?" आता दुसरा प्रश्नही विचारूया, "गेलेल्या पाण्याचं काय केलंत?"