पहिलीचा वाफसा

मृग निघाला, कुरी शिवारात गेली आणि शाळेची घंटाही वाजली. आमच्या कुंडलात व आसपासच्या गावांत शेताचे वर्ष व शाळेचे वर्ष जून महिन्यात एकदमच सुरू होते, आणि येथेच कष्टकरी घरांची पंचाईत होते. बापास रानात हात हवे असतात, आईस धाकटे सांभाळावयास कोणी हवे असते. 'पेरणी होऊ द्या, मग धाडू,' असे म्हणून पहिलीतल्या पोराची जी पाटी खुंटीला लागते, ती पुष्कळदा आषाढ सरला तरी खाली येत नाही.

वाचकहो, पहिलीचे पहिले दोन महिने ही विद्येची पेरणी होय. वाफसा गेल्यावर टाकलेले बी कसे उगवते, हे कुणब्यास आम्ही सांगावयास नको. श्रावणात शाळेत येणारे पोर मागच्या भिंतीस टेकून बसते. समजत नाही म्हणून ते गप्प राहते, गप्प राहते म्हणून मठ्ठ ठरते, आणि मठ्ठ ठरलेल्याने शाळा सोडली तर कोणास हळहळ वाटत नाही. ही नशिबाची गोष्ट नव्हे, जातीची तर नव्हेच. सहा वर्षांच्या पोराने रानात असे किती काम उरकते? धाकट्यास अंगणवाडीत पोहोचवा आणि थोरल्यास शाळेत. दुपारचे जेवणही तेथे मिळते.

ही शाळा कोणी घातलेली भीक नव्हे. 1882 साली जोतीराव फुले यांनी हंटर कमिशनपुढे स्पष्ट मांडले की, पैसा रयतेच्या घामाचा आणि विद्या मात्र वरच्या वर्गास, हा अन्याय आहे. सबब निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. 1917 साली शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानात ते सक्तीचे व मोफत केले. 1919 साली भाऊराव पाटील यांनी कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. तरीही सबंध देशात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 2009 साली झाला व 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. फुल्यांच्या मागणीपासून सव्वाशे वर्षे लोटली! इतक्या महागाने मिळालेली वस्तू चार दिवसांच्या कामापायी टाकावी काय?

शिक्षक बंधुभगिनींसही आमची विनंती आहे. पहिल्या दिवशीचे फुगे व गुलाबाची फुले शोभतात. पण पोर टिकते ते दुसऱ्या दिवसापासूनच्या मायेने. पाणी कोठे, मुतारी कोठे, लागली तर विचारावे कसे, हे त्यास आधी दाखवा. नावाने हाक मारा. चिंचोके मोजता मोजता गणित येऊ द्या. ते 'न्हाई' म्हणाले तर हसू नका. ती त्याच्या आईची बोली आहे. मारास तर कायद्यानेच बंदी आहे.

आणखी एक. दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या भागात ऊसतोड्यांची बिऱ्हाडे उतरतात. त्यांच्या पोरांचे जूनमध्ये सुरू झालेले वर्ष मध्येच तुटते. जन्माचा वा जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून पोरास परत लाविता येत नाही, असे हाच कायदा सांगतो. ही पोरेही रयतेचीच आहेत; त्यांस शाळेची वाट आपण दाखविली पाहिजे.

हे सारे पाहण्यासाठी शाळा व्यवस्थापन समिती आहे. तीत तीनचतुर्थांश पालक असतात व निम्म्या स्त्रिया असतात. कागदावर सही करून घरी येऊ नका. पहिलीचा हजेरीपट मागा, कोणाचे पोर आठ दिवस दिसले नाही ते पाहा, आणि त्याच्या दारी जा.

1943 ते 1946 या काळात प्रतिसरकारने याच कुंडल भागात रयतेचा कारभार रयतेने करून दाखविला. त्या गावास पहिलीचा एक वर्ग भरलेला ठेवणे जड जावे काय? औत घटकाभर उशिरा जुंपले तरी चालेल. पोर वेळेवर शाळेत गेले पाहिजे.