आफ्रिकेचा वारसा कुणाचा?

आधुनिक कलेत आफ्रिकेचा विषय निघाला की पिकासोचं नाव येतं. आफ्रिकन मुखवट्यांपासून तो काय शिकला, हे कलेच्या इतिहासाने नोंदवून ठेवलं. ते मुखवटे कोरणाऱ्यांची नावं मात्र नोंदली नाहीत.

म्हणूनच एलिझाबेथ कॅटलेट (१९१५–२०१२) ह्या कृष्णवर्णीय अमेरिकन शिल्पकार बाईचं काम आपण नीट पाहायला हवं. तिचे आजी-आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. पिट्सबर्गच्या कलासंस्थेने तिला काळी म्हणून प्रवेश नाकारला. पुढे ती न्यू ऑर्लिन्सला शिकवत असताना तिथे पिकासोचं प्रदर्शन भरलं. संग्रहालय ज्या बागेत होतं, तिथे काळ्यांना मज्जाव! आफ्रिकेकडून शिकलेल्या माणसाची चित्रं पाहायला आफ्रिकेच्याच वंशजांना बंदी. एलिझाबेथने संग्रहालय बंद असतं तो दिवस ठरवून घेतला, बस थेट दाराशी नेली आणि विद्यार्थ्यांना चित्रं दाखवलीच.

१९४६ साली ती मेक्सिकोला गेली. तिथल्या जनवादी छपाई कार्यशाळेत तिने काळ्या स्त्रियांवर चित्रमालिका केली. परक्या घरी राबणारी मोलकरीण, शेतात खपणारी बाई आणि गुलामांना सोडवून नेणारी हॅरिएट टबमन, सगळ्या एकाच मालिकेत. शिल्पांतही तिने ह्याच बाया घडवल्या. आफ्रिकन शिल्पातले गुळगुळीत, ठाम आकार तिने घेतले ते ह्या बायांना ताठ उभं करण्यासाठी.

१९६२ मध्ये तिने मेक्सिकोचं नागरिकत्व घेतलं आणि अमेरिकेने तिला दारं बंद केली. ती बंदी असतानाच, १९६८ मध्ये, तिने ‘माझ्या तरुण काळ्या भगिनींना’ हे लाकडी शिल्प केलं: मुखवट्यासारखा चेहरा वर उचललेला, मूठ आभाळाकडे.

‘आपल्या मुळांकडे चला’ अशी हाक आली की स्त्रीला बहुधा देवी नाहीतर त्यागमूर्ती केलं जातं. आई आणि मूल हा एलिझाबेथचाही आवडता विषय. पण तिची आई अंगात बळ असलेली, कष्टाने घडलेली बाई आहे. मुळांकडे जाण्याला माझा विरोध नाही. तिथे गेल्यावर आपल्याला राबणारी बाई दिसते की नुसती पूजेची मूर्ती, एवढं प्रत्येक गटाने तपासावं. आपल्या पोस्टरांवरच्या बाईपासूनच सुरुवात करू या.